निळा पडलेला टायटॅनियमचा लॉट आणि इम्प्लांटची हीट ट्रीटमेंट

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑटोचे टर्निंग-मिलिंगचे जॉब करणाऱ्या एका युनिटला आता हाडांच्या शस्त्रक्रियेतले ३.५ मिमीचे स्क्रू आणि प्लेट करायच्या आहेत, काही ३१६एलमध्ये (कमी कार्बनचं स्टेनलेस स्टील) आणि काही टायटॅनियम ग्रेड २३ मध्ये (इम्प्लांटचा टायटॅनियम मिश्रधातू). ड्रॉइंगवर हार्डनेस दिलेला नाही, तो किती ठेवायचा? स्टीलचे स्क्रू हार्ड करून घेता येतील का? आणि टायटॅनियमचा पहिला लॉट नेहमीच्या भट्टीवाल्याकडे ‘७०० अंश, दोन तास, आर्गॉन (धातूशी न जुळणारा गॅस)’ असं सांगून स्ट्रेस रिलीफला, म्हणजे मशीनिंगचा आतला ताण तापवून काढायला, दिला होता, तो निळा-जांभळा होऊन परत आला. बफ मारून पुढे पाठवला तर चालेल का?

आधी लॉटचं. पुढे पाठवू नका आणि बफ तर मुळीच मारू नका. रंग हा तुमच्याकडचा एकमेव फुकटचा पुरावा आहे, तो पुसला की नेमकं काय झालं ते कळायचा मार्ग महाग होतो.

टायटॅनियमवरचा रंग म्हणजे ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक पापुद्रा. पापुद्रा जाड होत जातो तसा रंग फिक्क्या पिवळ्यापासून सोनेरी, जांभळा, निळा असा सरकतो आणि शेवटी करडी खपली येते. ७०० अंशांना उघड्या हवेत दोन तास काढले असते, तर जॉब करडे होऊन आले असते. निळा-जांभळा रंग सांगतो की आर्गॉन बहुधा होता, पण पुरेसा कोरडा नव्हता किंवा भट्टी कुठेतरी गळत होती. दुसरीही एक शक्यता आहे. सगळं नीट पार पडलं आणि शेवटी घाईत जॉब अजून बराच गरम असतानाच दार उघडलं. तेव्हाही रंग येतो, पण आतल्या धातूला जवळजवळ काही होत नाही. रंग सारखा, इतिहास वेगळा. म्हणून भट्टीवाल्याकडून आधी टेंपरेचर चार्ट मागवा आणि दार किती अंशांना उघडलं ते बघा.

खरी भीती आहे ती रंगाखालच्या थराची. साधारण ५५० अंशांच्या वर टायटॅनियम ऑक्सिजन नुसता पृष्ठभागावर धरत नाही, तर आत विरघळवून घेतं. कडेच्या थरातली अल्फा अवस्था (टायटॅनियमच्या दोन स्फटिकरचनांपैकी एक, दुसरी बीटा) ऑक्सिजनने भरून कडक आणि ठिसूळ होते. यालाच ‘अल्फा केस’ म्हणतात. प्लेट वाकवली किंवा चालताना तिच्यावर पुन्हा पुन्हा भार आला, की पहिली बारीक चीर या थरात पडते आणि तिथून आतल्या चांगल्या धातूत उतरते. बफने रंग जातो, केस तशीच राहते.

ती आहे की नाही हे पाहायला एक स्क्रू आणि प्लेटचा एक तुकडा कापा, माउंट करा (रेझिनच्या वडीत बसवा), पॉलिश करा. माउंटिंग कडक रेझिनमध्ये करा, नाहीतर पॉलिशिंगमध्ये कड गोल होते आणि जे पाहायचं तेच दिसत नाही. क्रोल्स रिएजंटने (टायटॅनियमची रचना दाखवणारं ॲसिडचं द्रावण) एच करा, म्हणजे पृष्ठभाग हलका खाऊ द्या, त्यावर अमोनियम बायफ्लोराइडचा हलका हात दिला तर केस पांढऱ्या पट्टीसारखी उठून दिसते. मग कडेपासून आत मायक्रोहार्डनेस घ्या, २५ ग्रॅम भाराने. नूप इंडेंटर (लांबट, अरुंद ठसा उमटवणारं हिऱ्याचं टोक) बरा, कारण विकर्सचा चौकोनी ठसा कडेच्या फार जवळ घेता येत नाही. गाभ्यात साधारण ३०० ते ३५० येईल. कडेला आकडा गाभ्यापेक्षा स्पष्ट चढलेला असेल तर केस आहे. सोबत ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन लॅबमधून तपासून घ्या. पण एकूण ऑक्सिजन मर्यादेत आला म्हणून सुटलो असं नाही. लॅब अख्खा तुकडा वितळवून सरासरी काढते, आणि केस फक्त कडेला असते.

केस निघाली तर ॲसिडने उतरवता येते. नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिकचं मिश्रण वापरतात, प्रमाण किमान १० ला १. नायट्रिक कमी पडलं की धातू हायड्रोजन पिऊ लागतो, आणि ग्रेड २३ ला हायड्रोजनची मर्यादा ०.०१२ टक्के आहे. (हायड्रोफ्लोरिक कातडीवर पडलं तर आधी कळतही नाही आणि ते हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर ती टाकी चालूच करू नका.) हायड्रोजन शिरलाच तर ७०० अंशांच्या आसपास चांगल्या व्हॅक्यूममध्ये ठेवून बाहेर काढता येतो. ऑक्सिजनच्या बाबतीत अशी सोय नाही. तो थर ॲसिडने किंवा कापूनच काढावा लागतो.

प्लेटवर मशीनिंगची सूट शिल्लक असेल तर ती वाचेल. स्क्रूचं गणित मात्र करून बघा. ३.५ मिमीच्या कॉर्टिकल स्क्रूचा (हाडाच्या कडक बाहेरच्या थरात बसणारा) कोअर, म्हणजे आट्यांच्या आतला दांडा, २.४ मिमीचा असतो. प्रत्येक बाजूने ५० मायक्रॉन उतरवले तर तो २.३ झाला. पिळाची ताकद व्यासाच्या तिसऱ्या घातावर चालते, म्हणजे २.३ भागिले २.४, त्याचा घन, ०.८८. एका फटक्यात १२ टक्के ताकद गेली, शिवाय आट्यांचं माप गेलं ते वेगळंच. केस निघाली तर स्क्रू भंगारात टाका, प्लेटचा विचार करा.

आता हार्डनेस. ड्रॉइंगवर तो नाही, ही ड्रॉइंगवाल्याची चूक नव्हे. इम्प्लांटचा धातू हार्डनेसवर घेत नाहीत. टेन्साइल (तुटेपर्यंतची ताकद), यील्ड (कायमचं वाकायला लागणारा ताण), इलाँगेशन (तुटण्याआधीची लांबण) आणि सूक्ष्मरचना यांवर घेतात, आणि तयार स्क्रू पिळून तोडून पाहतात. स्टीलच्या ३.५ मिमी स्क्रूने तुटण्याआधी किमान २.३ न्यूटन-मीटर टॉर्क घ्यायला हवा आणि किमान १८० अंश पिळ खायला हवा. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. सर्जनच्या हाताला स्क्रू ‘देतोय’, म्हणजे पिळ खातोय, हे आधी कळायला हवं, काचेसारखा कडकन तुटता कामा नये.

३१६एल हार्ड होईल का? नाही. एन २४ किंवा २०एमएनसीआर५ (गिअर-शाफ्टची स्टील) तापवून तेलात टाकलं की ऑस्टेनाइटचं (गरम स्टीलची मऊ रचना) मार्टेन्साइट (कडक रचना) होतं, म्हणून ते कडक होतं. ३१६एलमध्ये निकेल इतकं असतं की ऑस्टेनाइट खोलीच्या तापमानालाही तसंच राहतं. क्वेंच करून, म्हणजे झटकन थंड करून, त्यातून काही निघत नाही. त्याला ताकद येते ती फक्त थंड ओढून, कोल्ड वर्कने. इम्प्लांटच्या ३१६एलचं मानक, एएसटीएम एफ १३८, त्यातले आकडे पाहा. अनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) बारला टेन्साइल किमान ४९० आणि यील्ड १९० मेगापास्कल, तर कोल्ड वर्क्ड बारला ८६० आणि ६९०. स्क्रूसाठी दुसरा बार घ्यायचा. ही ताकद बार बनवणाऱ्या मिलमधून येते, तुमच्या किंवा भट्टीवाल्याच्या हातून नाही. तो बार चुकून १०५० अंशांच्या अनीलिंगला गेला तर यील्ड ६९० वरून १९० च्या घरात येतं, आणि दिसायला जॉब आधीपेक्षाही चकाचक दिसतो. ४२५ ते ८५० अंशांच्या मधला पट्टाही टाळा. तिथे धान्यसीमांवर (धातूच्या बारीक स्फटिकांच्या कडांवर) क्रोमियम कार्बाइड बसतं आणि आजूबाजूचा धातू गंजायला मोकळा होतो. कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असल्यामुळे हे सावकाश होतं, पण या पट्ट्यात जाऊन मिळवण्यासारखंही काही नाही. थोडक्यात, स्टीलच्या स्क्रूची योग्य हीट ट्रीटमेंट म्हणजे हीट ट्रीटमेंट न करणं.

इथे एक सापळा आहे, नव्याने उतरलेले त्यात हमखास सापडतात. बाजारातलं ३१६एल आणि इम्प्लांटचं ३१६एल एक नव्हे. इम्प्लांट ग्रेडला निकेल १३ ते १५ टक्के, मॉलिब्डेनम २.२५ ते ३, आणि क्रोमियम अधिक ३.३ गुणिले मॉलिब्डेनम ही बेरीज किमान २६ लागते. गंधक ०.०१० च्या आत, बाजारच्या मालाला ०.०३० पर्यंत चालतं. हे गंधकच मशीनवाल्याला आवडतं, चिप पटपट तुटते, टूल टिकतं. इम्प्लांटचा बार चिकट चालतो, चिप लांबच लांब निघते, मग ऑपरेटर म्हणतो की मागचा माल चांगला होता. पण मँगनीज सल्फाइडचे ते बारीक कण म्हणजेच शरीरातल्या खारट द्रवात पिटिंग (खड्डे पाडणारा गंज) सुरू होण्याच्या जागा. व्हॅक्यूममध्ये पुन्हा वितळवलेला माल त्यासाठीच घ्यायचा. मशीनिंगनंतर इलेक्ट्रोपॉलिश (विजेने गुळगुळीत करणं) आणि मग पॅसिव्हेशन (ॲसिडने गंजरोधक थर पक्का करणं) करा, २० ते ४५ टक्के नायट्रिकमध्ये, खोलीच्या तापमानाला किमान अर्धा तास. यापेक्षा जास्त ताकद हवी असेल तर भट्टी शोधू नका, धातू बदला. जास्त नायट्रोजनचं स्टेनलेस आयएसओ ५८३२ या इम्प्लांट-धातूंच्या मानकाच्या नवव्या भागात दिलं आहे.

तुमचे नेहमीचे हार्डनिंग-टेंपरिंग लागेल ते सर्जनच्या हातातल्या औजारांना. ड्रिल बिट, टॅप, स्क्रूड्रायव्हर ४२० सारख्या मार्टेन्सिटिक स्टेनलेसचे असतात आणि साधारण १००० ते १०५० अंशांवरून हार्ड होतात. पण ती औजारं शरीरात राहत नाहीत. ‘मेडिकलच्या ४२० ला हार्ड केलं होतं’ या अनुभवावर इम्प्लांटचा जॉब द्यायचा नाही.

आता टायटॅनियम. ग्रेड २३ म्हणजे टायटॅनियममध्ये ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम, आणि ऑक्सिजन ०.१३ च्या आत. ग्रेड ५ ला ऑक्सिजन ०.२० पर्यंत चालतो. ऑक्सिजन कमी केल्यामुळे ताकद थोडी कमी होते, पण चिवटपणा वाढतो. एफ १३६ (ग्रेड २३ च्या इम्प्लांटचं एएसटीएम मानक) प्रमाणे टेन्साइल किमान ८६० आणि यील्ड ७९५ मेगापास्कल. सोल्यूशन करून (खूप तापवून) पाण्यात क्वेंच आणि मग एजिंग (कमी तापमानाला पुन्हा तापवणं) केलं तर हे आकडे आणखी चढतात, विमानाच्या कामात तसं करतातही. इम्प्लांटला ते सहसा करत नाहीत. चिवटपणासाठी जास्त पैसे मोजून घेतलेला ग्रेड एजिंगमध्ये तोच चिवटपणा घालवतो, आणि पातळ प्लेट पाण्यातून केळ्यासारखी वाकून येते. मिलमधून अनील केलेला बार घ्यायचा आणि त्याची रचना बिघडू द्यायची नाही.

कुठलीही ट्रीटमेंट केली तरी ताठपणा बदलत नाही. या मिश्रधातूचा इलॅस्टिक मॉड्युलस ११० गिगापास्कलच्या आसपास राहतो, स्टीलच्या साधारण निम्मा. ‘प्लेट फार लवचीक आहे, जरा ट्रीटमेंट करा’ अशी मागणी आली तर उत्तर प्लेटच्या जाडीत आहे.

स्ट्रेस रिलीफ मात्र खरंच लागतं, कारण प्लेट एका बाजूने मिल केली की धनुष्यासारखी उचलते. ते ५४० ते ६५० अंशांच्या दरम्यान एक ते दोन तास करा. तुम्ही सांगितलेले ७०० अंश ही अनीलिंगची सुरुवात आहे, तो पट्टा ७०० ते ७८५. आधीच अनील असलेल्या बारला त्याने ताकदीचं फार नुकसान होत नाही, पण प्रत्येक वाढीव अंशाबरोबर गॅस ओढण्याचा वेग वाढतो. मग विनाकारण वर का जायचं? वरची खरी हद्द बीटा ट्रान्सस आहे (ज्याच्या वर सगळा धातू बीटा अवस्थेत जातो), ग्रेड २३ ला ९७५ अंशांच्या आसपास. ती ओलांडली की धान्य भराभर मोठं होतं, थंड होताना सीमांवर अल्फाची सलग जाळी बसते, आणि ती रचना एफ १३६ मध्ये नापास आहे. ती पुन्हा तापवून सुधारत नाही, धातू पुन्हा फोर्ज करावा लागतो.

क्रम असा ठेवा: रफ मिलिंग, प्रत्येक बाजूला ०.३ ते ०.५ मिमी सूट, स्ट्रेस रिलीफ, मग फिनिश. म्हणजे थोडी केस आलीच तर ती फिनिश कटमध्ये निघून जाते. स्क्रू बारमधून एका सेटिंगमध्ये निघत असतील तर त्यांना स्ट्रेस रिलीफची गरजच पडत नाही. तुमच्या लॉटमधले स्क्रू भट्टीत का गेले, हा खरा प्रश्न आहे.

भट्टीत जाण्याआधी जॉब तेल, कूलंट, बोटांचे ठसे यांपासून पूर्ण स्वच्छ हवेत. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट नको, क्लोराइड राहिलं तर गरम टायटॅनियमला चिरा पडतात. शेवटची पुसणी ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिलने करा, मग स्वच्छ हातमोजे घालूनच हात लावा. ठसा भट्टीत भाजून निघाला की रेषांसकट वाचता येतो.

प्लेट सरळ ठेवायला फिक्स्चर करता, तिथे लोक एक गोष्ट विसरतात. स्टेनलेस टायटॅनियमपेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. २०० मिमीची प्लेट स्टेनलेसच्या पाटावर दोन्ही टोकांना बोल्टने आवळली आणि ६०० अंशांना नेली, तर दोघांच्या वाढीत सुमारे ०.९ मिमीचा फरक पडतो. पाट प्लेटला ओढतो, प्लेट त्या तापमानाला मऊ असते, आणि सरळ करायला दिलेला जॉब लांबट होऊन येतो. एक टोक धरा, दुसरं सरकतं ठेवा, वरून नुसतं वजन द्या. जास्त तापमानाच्या कामात मॉलिब्डेनमचे ट्रे वापरा. निकेल मिश्रधातूच्या बास्केटवर टायटॅनियम थेट ठेवून ९४० च्या वर गेलात, तर दोघांचा युटेक्टिक (सगळ्यात आधी वितळणारं मिश्रण) वितळतो आणि जॉब-बास्केट एकत्र निघतात.

आता भट्टीवाल्याकडे काय विचारायचं. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड या पट्ट्यातल्या बहुतेक भट्ट्या गाड्यांच्या गिअर-शाफ्टवर चालतात, आणि कार्बुरायझिंगच्या (पृष्ठभागात कार्बन भरण्याच्या) एंडोगॅसमध्ये सुमारे ४० टक्के हायड्रोजन असतो. टायटॅनियमसाठी ती भट्टी बादच. फोडलेल्या अमोनियावरची ब्राइट अनीलिंगची भट्टीही बाद, तिच्यात ७५ टक्के हायड्रोजन आणि उरलेला नायट्रोजन. हवी ती व्हॅक्यूम भट्टी, आणि तीसुद्धा चौकशी करून. व्हॅक्यूम ०.०००१ मिलिबार किंवा त्याहून चांगलं मिळतं का? पंप बंद केल्यावर दाब तासाला किती चढतो? १० मायक्रॉनच्या (इथे मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या उंचीत मोजलेला दाब) वर असेल तर गळती शोधायला सांगा. थंड करायला गॅस कुठला? सवयीने नायट्रोजनची बाटली जोडलेली असते. तो स्टीलला चालतो, पण गरम टायटॅनियमवर नायट्राइड बनवतो. आर्गॉनच हवा, ९९.९९९ शुद्धतेचा, दवबिंदू उणे ५५ अंशांच्या खाली. आदल्या शिफ्टला त्याच भट्टीत कॉपर ब्रेझिंग किंवा झिंक प्लेटेड जॉब झाले असतील, तर आधी रिकामी भट्टी जास्त तापमानाला जाळून घ्या. जॉब टायटॅनियमच्या फॉइलमध्ये सैल गुंडाळा. उरलासुरला ऑक्सिजन आधी फॉइल पिते, आणि फॉइलचा रंग बघून भट्टीची तब्येत कळते. दार २०० अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडायचं नाही.

वेळ कुठून मोजतात हेही विचारा. व्हॅक्यूममध्ये उष्णता फक्त प्रारणाने जाते, आणि ५०० अंशांच्या खाली ती फार सावकाश जाते. भट्टीचा थर्मोकपल ६०० दाखवत असतो आणि गठ्ठ्याच्या मधला जॉब ४५० वर असतो. म्हणून त्याच जाडीच्या टायटॅनियमच्या ठोकळ्याला भोक पाडून त्यात थर्मोकपल घाला, तो लोडच्या मध्यभागी ठेवा, आणि तो तापमानाला पोचल्यापासून वेळ मोजा.

कोबाल्ट-क्रोम तुम्ही विचारलेलं नाही, पण गुडघ्याच्या सांध्याचं काम आलं की येईलच. एफ ७५ (कोबाल्ट-क्रोमचं एएसटीएम मानक) च्या ओतीव भागाला साधारण १२२० अंशांना सोल्यूशन करतात, म्हणजे कार्बाइडची जाळी विरघळते. अंतर फार थोडं आहे, १२३५ च्या आसपास तीच कार्बाइडं वितळू लागतात आणि थंड झाल्यावर तिथे पोकळ्या राहतात. ज्या भट्टीत १५ अंशांचा फरक कोणी मोजत नाही तिथे हे काम देऊ नका. थ्रीडी प्रिंट केलेल्या टायटॅनियमचा नियम वेगळा: प्रिंटरच्या पाटावरून कापण्याआधीच स्ट्रेस रिलीफ, मग ८९५ ते ९५५ अंश आणि किमान १०० मेगापास्कल दाबात दोन ते चार तास हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग (सगळ्या बाजूंनी गरम गॅसचा दाब). त्याने आतली बंद छिद्रं मिटतात, पृष्ठभागाला उघडलेली मिटत नाहीत.

कागदांचं शेवटी, पण हलक्यात घेऊ नका. भारतात मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ खाली हाडांचे इम्प्लांट क वर्गात येतात आणि परवाना केंद्राकडून मिळतो. आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचं मानक) च्या भाषेत हीट ट्रीटमेंट ही नंतर तपासून खात्री न होणारी प्रक्रिया आहे, म्हणून ती आधी व्हॅलिडेट करावी लागते, म्हणजे प्रयोगाने सिद्ध करून दाखवावी लागते: तीच भट्टी, तोच लोड, तीच मांडणी. पर्चेस ऑर्डरवर ‘स्ट्रेस रिलीफ करणे’ एवढंच लिहू नका. तापमान आणि त्यातला चालणारा फरक, जॉबच्या थर्मोकपलवरून वेळ, व्हॅक्यूम, थंड करायचा गॅस आणि दार उघडायचं तापमान, सगळं लिहा. प्रत्येक लोडसोबत त्याच हीट नंबरच्या (एकाच वितळणीच्या) बारचे दोन तुकडे द्या, एक सूक्ष्मरचना तपासणीसाठी आणि एक हायड्रोजनसाठी. ते तुकडे रंगासकट, न पुसता, चार्टसोबत लॉटच्या फाइलला लावून ठेवा.